कपोत, शरकार आणि हरीण : मनाच्या दुखण्यात गाणे, गोष्ट आणि हातकाम

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



दत्तजयंतीच्या अंकात आपण दरवर्षी पारायण, नामस्मरण, तीर्थक्षेत्रे यांवर वाचतो. यंदा मी मनाच्या आरोग्यावर लिहितो आहे. मी डॉक्टर नव्हे. बी.कॉम. होऊन बँकेत कारकुनी केली आणि निवृत्तीनंतर या विषयावर जे वाचनात आले, त्याची टिपणे एका वहीत काढत गेलो. त्या वहीतून हा पाठ तयार केला आहे. घरात चौघांनी बसून वाचावा, पटेल ते घ्यावे.

हा विषय हाती घेण्याचे कारण काउंटरवरच सापडले. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शन घ्यायला येणारी वडीलधारी मंडळी आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पासबुक भरून झाले तरी काहीजण जायचे नाहीत. मुलगा पुण्याला, सून नोकरीला, मालकीण वारलेली. "साहेब, रातचं झोप न्हाय बघा," एवढे बोलायला ते आलेले असत. रांग मागे उभी असायची. त्यांना व्याजाचा दर नको होता, कोणीतरी ऐकणारे हवे होते.

केंद्र सरकारच्या वतीने बंगळूरच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ साली देशातल्या मानसिक आरोग्याची पाहणी केली. तिच्यात दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला काही ना काही मानसिक आजार आढळला आणि त्यातल्या बहुसंख्य लोकांना उपचार मिळत नव्हते. आपल्या देवळात आरतीला शंभर माणसे उभी असतील, तर त्या हिशेबाने त्यात दहाजण असे असू शकतात. ते आपल्यातलेच आहेत.

मनाशी बोलण्याची आपली रीत

आपले उंब्रज कृष्णा आणि तारळी यांच्या संगमावरचे. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक इथला, शके १५७१ म्हणजे इ.स. १६४९ चा. समर्थांनी मनाला उद्देशून २०५ श्लोक रचले. आपल्या पिढीने ते दिवेलागणीला ओसरीवर बसून म्हटले. पण त्यातली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. समर्थ सुरुवातीलाच मनाला 'सज्जन' म्हणून हाक मारतात. बिथरलेल्या मनाला ते आधी शिव्या देत नाहीत, शहाण्या माणसाशी बोलावे तसे बोलतात.

अमेरिकेत अल्बर्ट एलिस नावाच्या मानसतज्ज्ञाने १९५५ च्या सुमारास एक उपचारपद्धती मांडली. तिला मराठीत विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात. एखादी घटना घडते, तिच्याबद्दल आपण मनाशी काहीतरी बोलत राहतो, आणि त्या बोलण्यानेच त्रास वाढतो. ते बोलणे तपासून बदलता येते, असा त्यातला गाभा. मुंबईचे कि. मो. फडके यांनी हा विचार मराठी पुस्तकांतून आणला. १९९० साली ठाण्यात मानसिक आरोग्याची संस्था काढणारे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी त्याची सांगड आपल्या परंपरेतल्या विचाराशी घातली. म्हणजे ओसरीवरची आपली सवय आणि आजचे शास्त्र यांत फार अंतर नाही.

पण मन फारच खचले की माणसाला शब्दच सुचत नाहीत. स्वतःची समजूत घालायला जी ताकद लागते, तीच गेलेली असते. अशा वेळी गाणे, गोष्ट आणि हातातले काम यांचा आधार होतो. तो कसा होतो, हे समजून घ्यायला आपण अवधूताकडे जाऊ.

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आहे. नाथमहाराजांच्या एकनाथी भागवतामुळे तो मराठी घराघरांत पोचला. अवधूताने चोवीस गुरू केले. पृथ्वी, वारा, समुद्र हे केलेच, पण कबुतर, कोळी, मधमाशी, बाण घडवणारा कारागीर यांनाही गुरू केले. शिकवण कुठून येते, कोणाकडून येते, याचा विधिनिषेध त्याने ठेवला नाही. म्हणून आपणही आज पुण्यापासून आफ्रिकेपर्यंत जाऊ. चोवीसांपैकी तिघांनाच बरोबर घेऊ.

पहिला गुरू : कपोत

कपोताची कथा आपल्याला ठाऊक आहे. पारध्याच्या जाळ्यात पिले सापडली, ते पाहून कपोती शोकाने जाळ्यात पडली, आणि शेवटी विलाप करीत कपोतानेही त्यात उडी घेतली. अतिआसक्ती नको, असा याचा अर्थ कीर्तनकार सांगतात, तो खराच आहे. मला त्यात आणखी एक दिसते. कपोताने विलाप केला, पण त्या झाडावर तो ऐकायला दुसरे कोणी नव्हते.

बँकेत ज्या रकमेचे नेमके खाते सापडत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात. त्या दिवसापुरता हिशेब जुळतो. पण रक्कम तिथेच पडून राहिली तर कधीतरी ऑडिटर विचारतोच. दुःखाचेही तसेच आहे. "काही नाही, बरं आहे," म्हणून आपण ते बाजूला टाकतो. मग ते झोपेतून, पोटातून, चिडचिडीतून बाहेर पडते. त्या दुःखाला योग्य खात्यावर घ्यायचे, तर आधी त्याला नाव द्यावे लागते, शब्द द्यावा लागतो.

आपल्या आया-आज्या हे काम जात्यावर करीत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पण पुढे भारताचेच झालेले गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रभर गावोगाव जाऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांचा आकडा एक लाखाच्या वर आहे. देवाच्या, भावाच्या, पंढरीच्या ओव्या त्यात आहेतच. पण सासरचा जाच, माहेरची ओढ, गेलेले लेकरू, नवऱ्याचा मार हेही त्यात आहे. त्या काळी बाईला माणसाजवळ बोलायची चोरी होती, जात्याजवळ नव्हती. पहाटेच्या अंधारात समोरासमोर दोघी बसत. एकीने ओवी काढली की दुसरी सूर धरायची. जे एरवी बोलली असती तर घरात भांडण झाले असते, ते ओवीत घातले की चालून जायचे. कोणी रागवायचे नाही, आणि समोरचीला सगळे कळायचे.

गिरणी आली, बायकांचे कष्ट वाचले, हे फार चांगले झाले. जाते परत आणा असे मी मुळीच म्हणत नाही. पण पिठाबरोबर बोलण्याची जागाही गिरणीत गेली, आणि तिच्याऐवजी दुसरी जागा आपण केली नाही, एवढे ध्यानात घ्यावे.

दुसरे उदाहरण तुकोबांचे. आपण त्यांना संत म्हणून पूजतो, पण ते वाण्याचा धंदा करणारे संसारी गृहस्थ होते हे विसरतो. १६३० च्या दुष्काळाच्या काळात धंद्याचे दिवाळे निघाले, बायको गेली, मुलगा गेला. आजच्या भाषेत बोलायचे तर एवढ्या धक्क्यांनी कुणाचेही मन मोडून पडावे. त्यांनी पुढे काय केले, त्याचा क्रम पाहा. घराण्याच्या देवळाची डागडुजी केली. संतांची वचने पाठ केली. कीर्तनात पुढे उभ्या असलेल्याच्या मागे राहून धृपद धरले. स्वतःचे अभंग नंतर आले. म्हणजे आधी हाताने काम, मग दुसऱ्यांचे शब्द, मग चौघांबरोबर सूर, आणि शेवटी स्वतःचे शब्द. खचलेल्या माणसाला आपण पहिल्याच दिवशी म्हणतो, "मन मोकळं कर, बोल." त्याला बोलता येत नसते. त्याला मागे उभे राहून धृपद धरू द्यावे. स्वतःचे शब्द त्याला सावकाश सापडतील.

जळगावकडच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. ऐन संसारात वैधव्य आले. शेतात, घरात काम करता करता त्या गाणी रचत गेल्या. त्यात स्वतःच्या मनाबद्दल, त्याच्या चंचलपणाबद्दलही त्या बोलल्या. १९५१ साली त्या गेल्यावर मुलगा सोपानदेव याने टिपून ठेवलेली गाणी आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तकात आली. शिक्षण नाही म्हणून दुःखाला शब्द मिळत नाही, असे नसते, हे त्यांच्याकडून शिकावे.

हे सारे आपल्याच संस्कृतीत आहे असे मात्र नाही. लंडनमध्ये बाळंतपणानंतर उदास झालेल्या १३४ आयांवर एक अभ्यास झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. काहीजणींना बाळासह गटात बसून गाणी शिकवली, काहीजणींना गटात खेळ दिले, काहीजणींची नेहमीसारखी देखभाल झाली. ज्यांचा त्रास मध्यम ते जास्त होता, त्यांच्यात गाणाऱ्या आया लवकर सावरल्या. नुसते एकत्र जमण्यापेक्षा एकत्र गाण्याने फरक पडला, हे त्यातले विशेष. आपल्याकडे बारशाला पाळणे म्हणतात ते बाळासाठी, असे आपण समजतो. ते बाळंतिणीसाठीही असतात. आजकाल बारशाला स्पीकर लावतात आणि बायका गप्प बसतात. पुढच्या बारशाला स्पीकर बंद ठेवून बघा.

दुसरा गुरू : शरकार

शरकार म्हणजे बाण घडवणारा कारागीर. तो बाण सरळ करण्यात इतका गढला होता की राजाची स्वारी वाजतगाजत शेजारून गेली तरी त्याला कळले नाही. अवधूताने त्याच्याकडून एकाग्रता घेतली.

चिंतेने ग्रासलेल्या माणसाचे मन एकाच गोष्टीभोवती घाण्याच्या बैलासारखे फिरत असते. "विचार करू नकोस" असे सांगून ते थांबत नाही. हाताला असे काम द्यावे लागते की डोळा, बोट आणि लक्ष एका जागी यावे. डॉ. अनिल अवचट यांनी हे आयुष्यभर करून दाखवले. त्यांनी आणि डॉ. अनिता अवचट यांनी पु.ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. अवचट स्वतः डॉक्टर आणि लेखक, पण बासरी, कागदाच्या घड्या घालून केलेली खेळणी, लाकडातले कोरीवकाम, चित्रे यांत ते रमत. दारू सुटलेल्या माणसापुढे सगळ्यात मोठा प्रश्न असतो तो मोकळ्या संध्याकाळचा. ती संध्याकाळ कशानेतरी भरावी लागते. गाणे, गप्पा, चित्र, खेळ यांनी ती भरता येते.

आता जरा लांब, आफ्रिकेतल्या झिंबाब्वे देशात जाऊ. एवढ्या मोठ्या देशात मानसोपचारतज्ज्ञ मोजकेच होते. डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली हरारे शहरात गल्लीतल्या आज्यांना शिकवून तयार केले. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली एक बाक टाकला, त्याला 'मैत्रीचा बाक' म्हटले. त्रास असलेले माणूस येऊन आजीशेजारी बसते आणि बोलते. तिथल्या शोना भाषेत उदासीनतेला इंग्रजी नाव कोणी घेत नाही. ते म्हणतात 'कुफुंगिसिसा', म्हणजे अति विचार करणे. आज्याही तोच शब्द वापरतात. २०१६ साली या कामाचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा बाकावर आलेल्या लोकांचा त्रास इतरांच्या मानाने पुष्कळ कमी झालेला होता.

त्यातला दुसरा भाग शरकाराशी जुळणारा आहे. बाकावरचे बोलणे झाले की त्या बायकांना एका मंडळात घेतात. तिथे गोल बसून टाकाऊ प्लॅस्टिकच्या पट्ट्यांच्या पिशव्या विणायच्या. हात विणत असतात आणि तोंडाने सुखदुःख चाललेले असते. हे वाचले तेव्हा मला आपल्याकडची वाकळ आठवली. जुन्या लुगड्यांचे तुकडे अंथरून आळीतल्या चौघी दुपारी दोरा घालायला बसत. कुणाच्या सासूचे लुगडे, कुणाच्या गेलेल्या आईचे. तो तुकडा शिवताना तिची आठवण निघायची, डोळे पुसले जायचे, आणि वाकळ पुढे सरकायची. हरारेच्या आज्या आणि आपल्या आज्या एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. तरी रीत एकच निघाली.

या कामाचा एक धागा आपल्या शेजारी गोव्यालाही येतो. डॉ. विक्रम पटेल यांनी आधी हरारेत काम केले आणि १९९६ साली गोव्यात 'संगाथ' ही संस्था सहकाऱ्यांसह काढली. तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रांत गावच्याच माणसांना समुपदेशन शिकवले. ते उदास माणसाला विचारतात, पूर्वी तुम्हाला काय करायला आवडायचे? मग त्यातले लहानसे काम ठरवून देतात आणि पुढच्या वेळी विचारतात, झाले का? मन लागल्यावर काम करू, असे माणूस म्हणतो. उपचाराची दिशा उलटी आहे. आधी काम करावे, मग मन हळूहळू मागे येते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात याने उदासीनता कमी होते असे दिसले. हार्मोनियम कपाटावर ठेवून दिलेल्या आजोबांना "वाजवा की" म्हणून सोडून देऊ नये. ती खाली काढून, पुसून, समोर ठेवून, शेजारी बसावे.

गोष्ट : घरच्यांसाठी

मनाचा आजार एकाला होतो, पण घोर सगळ्या घराला लागतो. आणि घरच्यांना बहुतेक वेळा कळतच नाही की हा आजार आहे. त्यांना वाटते आळस आहे, सोंग आहे, कुणी काही केले आहे. इथे गोष्टीचा उपयोग होतो.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा चित्रपट २००४ चा. स्किझोफ्रेनिया झालेला शेष आणि त्याची बहीण यांची ती कथा. अतुल कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांनी ती कामे केली आहेत. या चित्रपटामागे डॉ. जगन्नाथ वाणी यांची मोठी मदत होती. ते कॅनडात कॅलगरीच्या विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. हा आजार त्यांनी घरात जवळून पाहिला होता. त्यातूनच त्यांनी पुण्यात रुग्णांच्या कुटुंबांसाठी संस्थाही उभी केली. परदेशात राहूनही त्यांनी हे काम मराठीतून केले, कारण घरातले दुःख आपल्या भाषेतच नीट कळते. याच दिग्दर्शकद्वयाचा 'कासव' हा चित्रपट नैराश्यात सापडलेल्या तरुणाचा आहे. त्याला २०१७ साली जाहीर झालेला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' नावाचा उपक्रम झाला. त्यात गावातल्याच कार्यकर्त्यांना मोबाईलवर छोट्या फिल्म दिल्या. चावडीवर, अंगणात त्या दाखवायच्या आणि मग बोलणे काढायचे. "तुम्हाला आजार आहे" असे म्हटले की माणूस दार लावून घेतो. "या फिल्ममधल्या बाईचं काय झालं असेल?" असे विचारले की तो बोलू लागतो आणि बोलता बोलता स्वतःवर येतो. आपले कीर्तनकारही तेच करतात. आख्यान हरिश्चंद्राचे चाललेले असते, आणि डोळे आपले भरतात.

तिसरा गुरू : हरीण

आतापर्यंत गाण्याचे गुण सांगितले. पण अवधूताने हरणालाही गुरू केले, ते का? हरीण पारध्याच्या गाण्याला भुलते आणि सापडते. गाण्याने भूलही पडते, हे भागवतकारांनी सांगून ठेवले आहे.

हे आजच्या घरात रोज दिसते. रात्री अकरा वाजता मोबाईल छातीवर ठेवून तीच ती रडकी गाणी ऐकत पडणे, याने मन हलके होत नाही, त्याच गाळात आणखी रुतते. दिवसभर टीव्हीपुढे बसून मालिकेतल्या कारस्थानांची चिंता करणे ही करमणूक वाटते, पण झोपेच्या वेळी तीच डोक्यात फिरते. भजनाची रेकॉर्ड दिवसभर लावून ठेवली आणि घरातले माणूस कोपऱ्यात एकटेच बसले, तर त्याचा आधार फारसा होत नाही. मोठ्या आवाजाचे स्पीकर तर आजारी माणसाची झोपच घालवतात, आणि झोप गेली की मनाचे काही आजार उसळतात. उत्सवात याचे भान आपण ठेवावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कला आणि आरोग्य यांवर मोठा अहवाल काढला. त्यात ९०० हून अधिक प्रकाशनांचा आढावा आहे. कला आजार टाळायला मदत करतात, आणि आजार झाल्यावर उपचारांना जोड देतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. त्यातला 'जोड' हा शब्द लक्षात ठेवावा.

गोळी आणि अंगारा

आता जे सांगायचे ते दत्तभक्तांच्या अंकात सांगणे जास्त गरजेचे आहे. आपल्या दत्तक्षेत्रांत मन बिघडलेली माणसे फार दिवसांपासून येतात. घरचे त्यांना मोठ्या आशेने आणतात. देवळात त्यांना कोणी हाकलत नाही, जेवण मिळते, आरतीत उभे राहता येते, हा आधार मोठा आहे. तो कमी लेखू नये.

पण श्रद्धेच्या नावाने उपचार थांबला तर काय होते, तेही पाहिले पाहिजे. तामिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका आश्रमात मनोरुग्णांना साखळीने बांधून ठेवले होते. ६ ऑगस्ट २००१ रोजी तिथे आग लागली. बांधलेल्यांना पळता आले नाही, २८ जण गेले. आता २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, बांधणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

चांगले उदाहरण गुजरातचे. मेहसाणा जिल्ह्यात उनावा येथे मीरा दातार दर्गा आहे. तिथे २००८ पासून 'दवा-दुवा' नावाचे काम चालते. दर्ग्याचे मुजावर दुवा देतात आणि त्याच माणसाला आवारातल्या डॉक्टरकडे पाठवतात. श्रद्धा मोडली नाही आणि गोळीही सुरू झाली. आपल्या पुजाऱ्यांनी, सेवेकऱ्यांनी हे मनावर घ्यावे. अंगारा लावताना एवढेच विचारावे, "डॉक्टरला दाखवलंय ना? गोळ्या चालू आहेत ना?" पुजाऱ्याच्या तोंडून आलेला हा प्रश्न घरचे ऐकतात. शेजाऱ्याने विचारला तर त्यांना राग येतो.

सप्ताह-पारायणाच्या काळात गोळ्या बंद करू नयेत. श्रीगुरूंना ते आवडेल असे समजण्याचे कारण नाही. काही मनोविकारांवरची औषधे अशी असतात की अळणी खाऊन किंवा पाणी कमी पिऊन त्यांचे रक्तातले प्रमाण धोक्याइतके वाढू शकते. म्हणून उपास करायचा तर आधी डॉक्टरांना विचारावे.

कुणी "आता जगून काय करू" असे बोलू लागले, कित्येक रात्री झोपेविना गेल्या, नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, जेवण टाकले, तर भजनाची वाट पाहू नये. त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय किंवा जवळचा मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. १४४१६ हा सरकारचा 'टेली-मानस' फोन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो चोवीस तास आणि फुकट असतो, मराठीतही बोलता येते. आणि आत्महत्येचा प्रयत्न झाला तर पोलीस केस होईल या भीतीने घरचे दडवतात. २०१७ च्या कायद्याने अशा माणसाला तीव्र ताणात असलेला समजून शिक्षेऐवजी उपचार द्यायचे ठरले आहे. दडवू नये.

आपल्या घरी आणि देवळात करण्यासारखे

१. गुरुवारच्या भजनात मागे बसणाऱ्यांना टाळ द्यावा. गळा कसा आहे हे पाहू नये. नवीन दुःख झालेल्या माणसाला बोलते करायची घाई करू नये, नुसते धृपद धरू द्यावे.

२. घरातल्या वडीलधाऱ्यांना माहीत असलेल्या ओव्या, पाळणे, आरत्या नातवंडांनी वहीत लिहून घ्याव्यात. ज्यांना आजचे जेवण आठवत नाही अशा काही म्हाताऱ्यांना जुने गाणे शब्दन् शब्द आठवते. त्या आठवणीत त्यांना माणूस म्हणून मान मिळतो.

३. देवळाच्या ओवरीत आठवड्यातून एक दुपार वाकळ शिवायला, वाती वळायला, हार गुंफायला ठेवावी. बोलायची सक्ती नको.

४. पुरुषांसाठीही काही हवे. निवृत्त माणूस घरात अडगळ होतो. देवळाची लाकडी पालखी घासणे, पोथ्यांना कापड लावणे, बाग राखणे, हिशेब लिहिणे ही शरकाराचीच कामे आहेत.

५. पाराजवळ एक बाक असा ठेवावा की जिथे ठरल्या वेळी दोन समंजस वडीलधारी माणसे बसतील आणि नुसते ऐकतील. ऐकलेले दुसरीकडे सांगणार नाहीत, एवढी शपथ त्यांनी घ्यावी. उपदेश करण्याचा मोह टाळावा. गरज दिसली तर दवाखान्यापर्यंत सोबत जावे.

६. देवळात येणाऱ्या आजारी माणसाच्या मागे "वेडा" हा शब्द कोणी काढला, तर तिथल्या तिथे थांबवावे.

यातल्या कशालाही मोठी देणगी लागत नाही. आपल्या भजनी मंडळात रिकाम्या असलेल्या टाळांच्या जोड्या मोजाव्यात. या दत्तजयंतीला पाळणा म्हणायच्या आधी, वर्षभरात ज्या ज्या घरी दुःख झाले त्या घरी जाऊन एकेकाला हाताला धरून देवळात आणावे आणि त्यातली एक जोडी त्याच्या हातात द्यावी. पुढच्या गुरुवारी तो आला नाही, तर त्याच्या घरी जाऊन यावे.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥